माणूस कामाला ठेवताना : तोंडी शब्द आणि लेखी कागद



नोकरीचा अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला कसे जावे, जात पडताळणीचे कागद कोठून जमवावेत, याची चर्चा आपल्या समाजात घरोघर होते. पण माणूस कामाला कसा ठेवावा, यावर आपण क्वचितच बोलतो. कारण उघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण टेबलाच्या एकाच बाजूला उभे होतो. पलीकडच्या खुर्चीवर बसायची वेळ आपल्यावर येईल, असे कोणाला वाटले नव्हते.

आता ती वेळ आली आहे. कोणी इलेक्ट्रिकची कामे घेतो, कोणाचे छपाईचे दुकान आहे, कोणाचे गॅरेज, एखाद्या भगिनीची खाणावळ. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना उभी राहिली. २०१२ पासून केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी चार टक्के वाटा ठेवला गेला. या साऱ्यांतून आपल्यातही दोन, पाच, दहा माणसे पोसणारे हात तयार झाले. त्यांच्यासाठी आजचा हा लेख आहे.

आम्ही कारकुनी पेशातले. हजेरीपत्रक आणि पगारपत्रक लिहिण्यात आमची वर्षे गेली. संध्याकाळी वस्तीत बसलो की मालक आणि कामगार अशा दोघांचीही गाऱ्हाणी कानावर येतात. त्यातून आमचे एक मत पक्के झाले आहे. लहान धंद्यातली बहुतेक भांडणे पहिल्या दिवशी न बोललेल्या गोष्टींवरून होतात. जे तोंडी राहिले ते सहा महिन्यांनी दोघांना दोन तऱ्हेने आठवते.

भरतीचा जुना इतिहास

मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती असे. त्याच्या ओळखीचा, त्याच्या गावचा, त्याच्या हातावर काही ठेवणारा माणूस आत जाई. आपल्या माणसांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेशच नव्हता. धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. कमी पगाराच्या खात्यांवर त्यांची बोळवण होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला.

ती गोष्ट फार जुनी झाली, असे कोणी म्हणेल. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक होता तो नावांचा. २००७ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना बोलावणे कमी येत होते. पात्रता तीच, आडनाव वेगळे, एवढेच.

हे सांगण्याचे कारण असे की, आडनाव ऐकून चेहरा बदलणारा मालक आपण पाहिला आहे. आपण खुर्चीवर बसल्यावर तसे वागू नये, हा आपल्या धंद्याचा पहिला नियम असावा. मग समोरचा माणूस कोणत्याही जातीधर्माचा असो.

आधी काम लिहा, मग माणूस शोधा

समजा, एका भगिनीची खाणावळ आहे. रोजचे साठ डबे जातात. तिला हाताशी माणूस हवा आहे. ‘एक मुलगा पाहिजे, काही पण करणारा,’ असे ती चार जणांना सांगून ठेवते. मुलगा येतो. सकाळी भाजी चिरतो, दुपारी डबे पोचवतो, संध्याकाळी भांडी घासतो, मधल्या वेळेत घरचे गॅस सिलिंडरही आणतो. दोन महिन्यांनी तो येईनासा होतो. बाई म्हणतात, ‘आजकालच्या पोरांना काम नको.’ मुलगा म्हणतो, ‘काम संपतच नव्हते.’ दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात.

म्हणून माणूस शोधण्याआधी वहीच्या एका पानावर पाच गोष्टी लिहाव्यात. काम नेमके कोणते; वेळ किती ते किती; आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी; पगार किती आणि कोणत्या तारखेला; कामासाठी काय येणे जरुरीचे आहे. डबे पोचवायला सायकल किंवा गाडी चालवता यायला हवी आणि पत्ता वाचता यायला हवा. तिथे दहावी पासची अट घालण्यात अर्थ नाही. जिथे हिशेब ठेवायचा आहे तिथे मात्र लिहिणे-वाचणे तपासूनच घ्यावे. नको त्या अटीमुळे चांगला माणूस दारातूनच परत जातो.

जागा असल्याची बातमीही एकाच कानात सांगू नये. विहारातला फलक, आयटीआय, महिला बचत गट, शेजारची वस्ती, असे चार ठिकाणी कळवावे. आपल्या ओळखीपुरतीच भरती करणारा मालक नकळत जुन्या जॉबरच्याच वाटेने जातो.

मुलाखत : हात पाहा, घर विचारू नका

लहान धंद्यात तासभर प्रश्न विचारण्यापेक्षा अर्धा दिवस काम करून घेतलेले बरे. शिवणकाम असेल तर एक बाही लावायला द्या. दुकान असेल तर दहा वस्तूंचे बिल करायला सांगा. पोळ्या करायच्या असतील तर पीठ पुढे ठेवा. मात्र अर्ध्या दिवसाच्या कामाचे पैसे द्या. ‘चाचणी’ म्हणून चार-चार दिवस फुकट राबवून घेणे ही सरळ लूट आहे.

काय विचारू नये, हेही लक्षात ठेवा. जात विचारू नये. बाईला ‘लग्न केव्हा करणार’, ‘मूल केव्हा होणार’ असे विचारू नये. जुन्या मालकाकडचे काम का सोडले, हे जरूर विचारावे आणि शक्य असेल तर त्या मालकाला फोन करून खात्री करून घ्यावी. त्याचे म्हणणे ऐकावे, पण तोच अंतिम निकाल मानू नये.

वयाचा दाखला पाहिल्याशिवाय कोणाला ठेवू नये. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे गुन्हा आहे. घरची गरिबी पाहून दया आली तर मुलाच्या आईला काम द्या आणि मुलाला शाळेत राहू द्या. आणखी एक वाईट पद्धत बोकाळली आहे : माणूस पळून जाऊ नये म्हणून त्याची मूळ मार्कशीट मालकाने कपाटात ठेवायची. कागदांच्या झेरॉक्स घ्या, मूळ प्रती पाहून त्याच वेळी परत द्या. मार्कशीट अडकवून राहिलेला माणूस मनाने केव्हाच गेलेला असतो.

नात्यातला माणूस

या बाबतीत सर्वांत जास्त त्रास होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धंदा सुरू झाला की गावाकडून निरोप येतात. मेहुण्याचा मुलगा, चुलतभावाचा मुलगा, आत्याचा नातू. ‘तुझ्याकडे लावून घे.’ नाही म्हणावे तर नाते तुटते, हो म्हणावे तर ‘घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं’ अशी गत होते. आपल्या माणसाला हात द्यावा, ही भावना चांगली आहे. ज्या समाजाला कोणी दार उघडले नाही त्याने एकमेकांना दार उघडायचे नाही तर कोणी? पण दार उघडणे वेगळे आणि खुर्ची फुकट देणे वेगळे.

आम्ही पाहिलेला प्रकार सांगतो. भाचा दुकानात येतो. पगार ठरत नाही, कारण ‘घरचाच आहे’. जेवण मामाकडे, झोपणे दुकानात, हातखर्चाला अधूनमधून शंभर-दोनशे. भाचा रात्री दहापर्यंत दुकान सांभाळतो. वर्षभराने त्याच्या लक्षात येते की शेजारच्या दुकानातल्या पोराने बँकेत पैसे साठवले आणि आपल्या हाती काही नाही. मग तो गल्ल्यातून घेऊ लागतो. मामा त्याला चोर म्हणतो. बहीण-भावाचे बोलणे बंद होते. चोरी वाईटच, पण तिची सुरुवात पगार न ठरवण्यात झाली, हे कोणी बोलत नाही.

म्हणून नातेवाइकाला ठेवायचे असेल तर तीन गोष्टी पाळा. एक, इतरांना असते तेच काम, तीच वेळ, तोच पगार, तोच कागद. दोन, पहिल्या दिवशी त्याच्या आईवडिलांसमोर हे वाचून दाखवा. तीन, दुकानात तो कामगार आहे आणि घरी भाचा आहे, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे. भाच्याला उशिरा आल्याबद्दल काही बोलायचे नाही आणि दुसऱ्याचा मात्र खाडा मांडायचा, असे झाले की बाकीच्या माणसांचे मन कामातून उडते. नातेवाइकाची बरोबरी इतरांशी होईल तेवढेच त्याचे नाते टिकेल.

नेमणुकीचे पत्र

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि किमान वेतन, वेतन अदायगी, ग्रॅच्युइटी वगैरे जुने कायदे त्यांत सामावले गेले. नेमणुकीचे पत्र देणे हे मालकाचे कर्तव्य त्यांत सांगितले आहे. काही कलमे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होतात. पण तुमच्याकडे दोनच माणसे असली तरी पत्र द्याच. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या मराठीत एक पान पुरे.

त्यात नाव, कामाचे स्वरूप, रुजू होण्याची तारीख, वेळ, साप्ताहिक सुट्टी, पगार आणि तो देण्याची तारीख, रजा, पहिल्या तीन महिन्यांचा परीक्षाकाळ आणि काम सोडताना किंवा सोडवताना किती दिवस आधी सांगायचे, एवढे असावे. दोन प्रती, दोघांच्या सह्या, एकेक प्रत दोघांकडे. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे आणि वाचून दाखवल्याची नोंद करावी. काही मालकांना वाटते, कागद दिला की माणूस डोक्यावर बसतो. आमचा अनुभव उलट आहे. हाती कागद आलेला माणूस घरी जाऊन बायकोला तो दाखवतो. आपली कुठेतरी नोंद आहे, याचा त्याला अभिमान वाटतो.

पैशाचा हिशेब

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. ज्या समाजातल्या माणसाने हे काम केले, त्या समाजातल्या मालकाने किमान वेतनाखाली माणूस राबवावा, याहून लाजिरवाणे काय असेल? आपल्या धंद्याचा आणि आपल्या परिमंडळाचा दर कामगार कार्यालयात मिळतो. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. तेव्हा वर्षातून दोनदा चौकशी करा. बाई आणि पुरुष यांना एका कामाला एकच पगार, हेही कायद्यानेच सांगितले आहे.

आता एक गणित करून पाहू. पगार महिना १५,००० रुपये. सव्वीस दिवस, रोज आठ तास. म्हणजे तासाला सुमारे ७२ रुपये. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे सुमारे १४४ रुपये. ‘जरा थांब रे, एवढे आवरून जा,’ असे म्हणून तुम्ही माणसाला रोज फक्त एक तास थांबवता. महिन्याचे होतात ३,७५० रुपये. पगाराचा पाव हिस्सा! हे पैसे तुम्ही देत नसाल तर ते त्याच्या खिशातून तुमच्या गल्ल्यात जात आहेत. द्यायचे नसतील तर वेळेवर सोडा.

दुसरे गणित ग्रॅच्युइटीचे. दहा किंवा अधिक माणसे असतील तर पाच वर्षे सेवा झालेल्याला दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते. महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. १५,००० ला वर्षाचे ८,६५४ रुपये होतात, पाच वर्षांचे सुमारे ४३,२७०. ही रक्कम एकदम काढताना मालकाचे डोळे पांढरे होतात. पण दरमहा ७२१ रुपये वेगळ्या खात्यात टाकले तर भार जाणवत नाही. पगार वाढला की तीही रक्कम वाढवावी.

दहा माणसे झाली की राज्य विमा, म्हणजे ईएसआय येतो. २१,००० पर्यंत पगार असलेल्यासाठी मालकाने सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचा. १५,००० ला तुमचे ४८७ रुपये ५० पैसे आणि त्याचे ११२ रुपये ५० पैसे. एवढ्यात त्याच्या घरच्यांच्या दवाखान्याची सोय होते. वीस माणसे झाली की भविष्य निर्वाह निधी, दोघांचे बारा-बारा टक्के. नवव्या माणसानंतर पुढच्याची हजेरी वहीत न मांडणारे मालक आहेत. ज्या दिवशी त्या दहाव्या माणसाचा हात यंत्रात जातो, त्या दिवशी वाचवलेले सगळे पैसे व्याजासह निघून जातात.

पगार महिना संपल्यावर सात तारखेच्या आत द्यायचा असतो. शक्य तो बँकेतून द्यावा, म्हणजे दोघांकडे पुरावा राहतो. रोखीने दिला तर सही घ्यावी, पण कोऱ्या व्हाउचरवर कधीही घेऊ नये.

उचल

लग्न, आजारपण, शाळेची फी यांसाठी माणूस उचल मागणारच. द्यायला हरकत नाही. पण वहीत रक्कम लिहा, दरमहा किती कापायचे ते लिहा, आणि कापल्यावर बाकी किती ते त्याला सांगत जा. एका महिन्याला इतके कापू नका की त्याला पुन्हा उचल घ्यावी लागेल. कायद्यानेही सर्व कपाती मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता येत नाही. उचल फिटेपर्यंत काम सोडायचे नाही, असे बंधन घालणे म्हणजे वेठबिगारी. ती १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल डोक्यावर घेऊन आपल्यातल्या किती कुटुंबांनी हंगामामागून हंगाम काढले, हे वेगळे सांगायला नको.

रोजचे वागणे

सिगालोवाद सुत्तात धन्याने सेवकाशी कसे वागावे, हे पाच मुद्द्यांत सांगितले आहे. त्याची शक्ती पाहून काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरी काही विशेष केले तर त्याला वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. सेवकानेही दिलेले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे आणि धन्याचे नाव राखावे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या वर्कशॉपच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे.

आम्ही त्यात आपल्या काळापुरती थोडी भर घालतो. चूक झाली तर बाजूला घेऊन सांगा, गिऱ्हाइकासमोर नको. तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर तारीख घालून लेखी समज द्या आणि त्याचे उत्तरही घ्या. माणसाला त्याच्या नावाने हाक मारा. ‘ए पोऱ्या’ किंवा जातीवाचक शब्द कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. पाण्याचा माठ एक, पेले एक, चहाचे कप एक. साध्या गोष्टी आहेत, पण याच गोष्टींनी आपल्या आजोबांचे काळीज चिरले होते.

सुट्ट्यांचे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आठ पगारी सुट्ट्यांची पद्धत आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आणि उरलेल्या चार दोघांनी मिळून ठरवायच्या. लहान दुकानानेही हा नमुना घ्यावा. १४ एप्रिलला आपण दुकान बंद ठेवतो, तसा आपल्याकडच्या मुस्लिम कारागिराला ईदेचा दिवस मिळाला पाहिजे.

महिला कामाला असतील तर स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह हवेच. उशीर होणार असेल तर घरी पोचवण्याची व्यवस्था करा. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लहान दुकानालाही लागू आहे. दहा माणसे असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ही माहिती बाईला तुम्हीच, रुजू होताना द्या.

निरोप देताना

चांगला माणूस एक दिवस सोडून जातोच. त्याला जास्त पगार मिळतो, किंवा तो स्वतःचे दुकान काढतो. तेव्हा ‘मी तुला घडवले आणि तू उलटलास’ असे म्हणून त्याचा शेवटचा पगार अडकवू नका. नव्या संहितेप्रमाणे काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार चुकता करायचा असतो. जेवढे दिवस काम केले तेवढा अनुभवाचा दाखला द्या. त्या दाखल्यावर त्याला पुढचे काम मिळते. असा गेलेला माणूस तुमची गिऱ्हाइके तोडत नाही, उलट पाठवतो.

ज्या बंधू-भगिनींकडे आज एक जरी माणूस कामाला असेल त्यांनी या महिन्यात एवढे करावे : त्याच्या नावाचे एक पान वहीत उघडावे, नेमणुकीचे पत्र लिहून द्यावे आणि त्याचा पगार किमान वेतनाशी पडताळून पाहावा. पत्राचा मजकूर कसा लिहावा अशी अडचण असेल तर वस्तीतल्या एखाद्या कारकुनाला गाठावे. सहीची तारीख घालायला मात्र विसरू नये.